मजकूर बदलू द्या, पत्ता नको : टिपणांच्या परसबागेविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही या विषयावर प्रश्न मागवले होते. वाचनाची, धंद्यातली किंवा गावाविषयीची आपली टिपणे इंटरनेटवर सर्वांना दिसतील अशी ठेवायची, एकमेकांना जोडायची आणि जसजसे कळत जाईल तसतशी दुरुस्त करत राहायची. इंग्रजीत याला डिजिटल गार्डन म्हणतात. आम्ही परसबाग म्हणतो, कारण इथे शोभेच्या फुलझाडांपेक्षा रोज आमटीला लागणाऱ्या कढीपत्त्याला मान जास्त. पत्रे बहुतेक कोल्हापूर जिल्ह्यातूनच आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

पंचगंगेच्या पुराच्या नोंदींनी माझ्या बारा वह्या भरल्या आहेत. त्या क्रमाने टाइप करून रोज एक पान चढवावे असा विचार आहे. बरोबर आहे का? (शुक्रवार पेठ)

रोज एक पान चढवलेत तर शेवटी वाचकाला बारा वह्याच मिळतील, फक्त पडद्यावर. आधी नोंदींची विभागणी करा. ‘आज सकाळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी अमुक फूट’ ही नोंद त्या दिवसापुरती. ती पुन्हा दुरुस्त करायची नसते, तिला तारखेखालीच राहू द्या. ‘राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट असते’ ही नोंद मात्र दर पुराला तपासून सुधारायची. परसबागेत ही दुसरी नोंद लावा.

हा फरक शिक्षण-तंत्रज्ञ माइक कॉलफील्ड यांनी २०१५ साली एका भाषणात बाग आणि प्रवाह या दोन शब्दांत मांडला होता. बागेची उपमा त्याहूनही जुनी. हायपरटेक्स्टवर, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या मजकुरावर, काम करणारे मार्क बर्नस्टीन यांनी १९९८ मध्येच ती वेबवरच्या लेखनाला लावली होती. प्रवाहात नवे वर येते आणि जुने वाहून जाते. बागेत जुन्या झाडापाशी पुन्हा जावे लागते.

तेव्हा बाराही वह्या टाइप करू नका. वह्या चाळून पुनःपुन्हा आलेले विषय एका कागदावर लिहा: पाणी चढण्याचा वेग, कोणत्या धरणाचा विसर्ग किती तासांनी जाणवतो, गाळ, विहिरी, जनावरे. वीस-पंचवीस विषय निघतील. प्रत्येकाचे एक टिपण करा आणि रोजच्या नोंदी त्याच्या तळाला पुरावा म्हणून जोडा. वह्यांच्या पानांचे फोटो मात्र काढून ठेवा. टाइप करताना ३ चा ८ झाला तर मूळ पाहता आले पाहिजे.

आमचे गुऱ्हाळ आहे. गूळ करण्यातल्या खाचाखोचा लिहून ठेवायच्या आहेत. एक टिपण केवढे असावे, त्यात काय काय असावे? अर्धवट माहिती लोकांसमोर ठेवायला संकोच वाटतो. (कागल तालुका)

एका टिपणात एकच मुद्दा ठेवा आणि शीर्षकातच तो मुद्दा सांगून टाका. ‘गूळ’ हे शीर्षक निरुपयोगी आहे. त्याखाली काहीही कोंबता येते आणि सहा महिन्यांत दहा पाने होतात. शे-दोनशे शब्दांत मुद्दा संपत नसेल तर बहुधा तिथे दोन मुद्दे आहेत. नमुना देतो (काहील म्हणजे पाक उकळायची मोठी कढई, रवा म्हणजे गुळाची ढेप, आदण म्हणजे एका वेळी उकळलेला रस):

*काहील उतरवायची वेळ तापमानावर ठरवली तर रव्याचा कडकपणा सारखा येतो*
*अवस्था: खोडवा. लावण: जानेवारी २०२४. शेवटची मशागत: फेब्रुवारी २०२५.*
*घट्ट गुळासाठी पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवावा (वाचलेले). काकवीसाठी १०५ ते १०६ अंश (वाचलेले). गुळव्या थेंब गार पाण्यात टाकून गोळी बघतो. आमच्याकडे गोळी टणक लागते तेव्हा थर्मामीटर ११७–११९ दाखवतो (मोजलेले, ९ आदणे). खोडव्याच्या उसाला हेच तापमान चालते की नाही, अजून कळलेले नाही.*
*जोड: चुन्याची निवळी जास्त झाली की रंग काळवंडतो, भेंडीच्या पाण्याने मळी वर येते.*

यातले कंसातले शब्द बघा. वाचलेले, ऐकलेले, मोजलेले हे तीन शिक्के प्रत्येक विधानाला लावलेत की संकोचाचे कारणच उरत नाही. अर्धवट माहितीने कोणी फसत नाही. अर्धवट माहिती पक्की म्हणून वाढली की फसतात. ‘अजून कळलेले नाही’ ही ओळ कधी गाळू नका. जाणकार वाचक त्याच ओळीवर थांबून तुम्हाला लिहितो.

अवस्थेसाठी इंग्रजीत बी, कोंब, सदाहरित असे शब्द वापरतात. तुमच्याकडे लावण, खोडवा, निडवा हे शब्द हाताशी आहेत, तेच वापरा. लावण म्हणजे पहिला खर्डा, खोडवा म्हणजे एकदा कापून पुन्हा फुटलेला, निडवा म्हणजे दोनदा सुधारलेला. शेतात निडव्याला उतारा कमी पडतो, इथे वाढला पाहिजे, एवढा उपमेचा लंगडेपणा चालवून घ्या. अवस्था तीनच ठेवा. पाच-सहा केल्या की टिपण कोणत्या खणात टाकायचे यावरच संध्याकाळ जाते.

कोणते साधन वापरू? फुकट हवे. मुलगा म्हणतो ऑब्सिडियन आणि क्वार्ट्झ, मैत्रीण म्हणते टिडलीविकी. (राजारामपुरी)

संगणक असेल तर मुलाचे ऐका. ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक टिपण ही मार्कडाउन पद्धतीची साधी मजकूर फाइल असते आणि तुमच्याच फोल्डरात राहते. उद्या ऑब्सिडियन बंद पडले तरी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडेल. क्वार्ट्झ हे त्या फोल्डराचे संकेतस्थळ बांधून देणारे मोफत साधन आहे आणि ‘गिटहब पेजेस’ ही गिटहब या फाइली ठेवण्याच्या संकेतस्थळाची सेवा ते फुकट ठेवून घेते. मर्यादा दोन: बांधलेले संकेतस्थळ १ जीबीच्या आत हवे आणि महिन्याची वाहतूक साधारण १०० जीबीपर्यंत. मजकुराला ही जागा आयुष्यभर पुरेल, फोटोंना पुरणार नाही. मोबाइलचा फोटो सहज ४ एमबीचा असतो, म्हणजे अडीचशे फोटोंत घडा भरला. रुंदी १६०० पिक्सेलवर आणून २५० केबीच्या आसपास ठेवलात तर चार हजार मावतील.

कृती अशी. संगणकावर गिट (फाइलींतल्या बदलांचा इतिहास जपणारे साधन) आणि नोड (क्वार्ट्झ चालायला लागणारे साधन) घ्या. नोडची आवृत्ती २२ किंवा पुढची, जुन्यावर क्वार्ट्झ अडते. गिटहबवरून क्वार्ट्झची प्रत उतरवा, तिला लागणारी पॅकेजेस, म्हणजे इतर छोटी साधने, बसवा आणि निर्मितीची आज्ञा द्या. ती विचारेल की रिकाम्यापासून सुरुवात करायची की आधीचा टिपणांचा फोल्डर आणायचा. टिपणे ‘कंटेंट’ फोल्डरात जातात. घरच्या घरी पाहायला संगणकावरच ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर संकेतस्थळ उघडते. पसंत पडले की गिटहबवर पाठवा आणि तिथल्या सेटिंग्जमध्ये पेजेसखाली स्रोत म्हणून ‘गिटहब अ‍ॅक्शन्स’ निवडा.

नवखे तीन ठिकाणी अडतात. ‘कंटेंट’मध्ये ‘इंडेक्स’ नावाची फाइल नसते, मग आतली पाने उघडतात पण मुख्य पान ४०४ (‘पान सापडले नाही’) दाखवते. सेटिंग फाइलीतल्या मूळ पत्त्यात ‘एचटीटीपीएस’ लिहिलेले असते. तिथे नुसते नाव हवे. आणि प्रकाशनाची आज्ञा ‘व्ही४’ शाखेवर (शाखा म्हणजे संग्रहाची एक समांतर प्रत) लक्ष ठेवून असताना तुम्ही ‘मेन’ शाखेवर पाठवत राहता. मग चूक कुठेच दिसत नाही आणि पानही बदलत नाही. हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त वेळ खातो.

मैत्रिणीचे टिडलीविकीही वाईट नाही. जेरेमी रस्टन यांनी ते २००४ साली काढले. सगळी टिपणे एकाच एचटीएमएल फाइलीत मावतात, पेन ड्राइव्हवर टाकून कुठेही न्या. पण साठवताना ब्राउझर बहुधा दर वेळी नवी प्रत उतरवतो आणि डाउनलोड फोल्डरात एकाच नावाच्या सतरा फाइली जमतात. खरी कोणती, हे त्या फाइलींनाच ठाऊक. हाताला शिस्त असेल तरच घ्या.

फक्त मोबाइल आहे. जमेल का?

जमेल. एकदाच कोणाच्या तरी संगणकावर वरची मांडणी करून घ्या. त्यानंतर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गिटहब उघडा, ‘कंटेंट’मधल्या फाइलीवर जा, पेन्सिलीच्या चिन्हावर बोट ठेवा, बदल करा, ‘कमिट’ करा, म्हणजे बदल नोंदवा. दोन-चार मिनिटांत पान बदललेले दिसते. लांब मजकूर मात्र तिथे लिहू नका. फोन आला, टॅब बंद झाला की लिहिलेले गेले.

टिपणांची नावे मराठीत ठेवली. व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवला की टक्क्यांची चिन्हे आणि अक्षरांची भलीमोठी शेपटी दिसते. एका टिपणाने तर बांधणीच अडवली. (इचलकरंजी)

दोन्हींचे मूळ एकच. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. काना, मात्रा, हलन्त ही सुटी चिन्हे धरा. ‘कोल्हापूर’ या शब्दात क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र अशी ९ चिन्हे आहेत, म्हणजे २७ बाइट. पत्त्यात प्रत्येक बाइटचे टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे होतात, तेव्हा एका कोल्हापूरची लांबी ८१. आठ-दहा शब्दांचे शीर्षक असेल तर शेपटी व्हायचीच.

बांधणी अडली ती फाइलीच्या नावामुळे. विंडोजवर नाव २५५ चिन्हांपर्यंत चालते, पण बांधणी लिनक्सच्या संगणकावर होते आणि तिथे मर्यादा २५५ बाइटची आहे. शेवटचे ‘एचटीएमएल’ वगळले की देवनागरीची ८३ चिन्हे उरतात. वर सांगितल्याप्रमाणे शीर्षक पूर्ण वाक्याचे असेल तर ती सहज ओलांडली जातात.

उपाय सोपा आहे आणि तो पहिल्याच दिवशी करावा: फाइलीचे नाव वेगळे, शीर्षक वेगळे. फाइलीला तारीख-वेळेचा बारा आकडी क्रमांक द्या, इंग्रजी आकड्यांत. ६ जुलै २०२५ला सकाळी सव्वानऊला सुरू केलेले टिपण म्हणजे 202507060915. मराठी शीर्षक फाइलीच्या माथ्यावरच्या माहितीचौकटीत लिहा. वाचकाला तेच दिसते. यानंतर शीर्षक दहा वेळा बदला, दुवा तुटणार नाही. शीर्षक तर बदलणारच. गुळाच्या त्या टिपणाचे शीर्षक पहिल्या वर्षी ‘तार आली की काहील उतरवावी’ असे असू शकते आणि पुढे ते चूक ठरू शकते. पत्ता शीर्षकावर बेतलेला असेल तर चूक पत्त्यात अडकून राहते, किंवा पत्ता बदलावा लागतो आणि ज्याने तो वहीत लिहून घेतला त्याच्या हाती ४०४ येते.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांच्या सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांचा संग्रह याच तत्त्वावर उभा होता. चिठ्ठीला एकदा दिलेला क्रमांक कायमचा. मध्ये नवी चिठ्ठी घालायची झाली तर क्रमांकापुढे अक्षर वाढवायचे.

पत्ते आधीच देऊन बसला असाल तर फाइलीचे नाव बदला आणि जुने नाव माहितीचौकटीत ‘अलायसेस’ या शब्दापुढे लिहा. क्वार्ट्झ जुन्या पत्त्यावर पाटी ठेवून वाचकाला नव्याकडे पाठवते.

माहितीचौकटीची दोन पथ्ये याच ओघात सांगतो. शीर्षकात विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि पुढे मोकळी जागा असेल तर पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर बांधणी तिथेच थांबते. तारखा इंग्रजी आकड्यांत, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. ०५-०७ म्हणजे पाच जुलै की सात मे, हे यंत्र आपल्या मनाने ठरवते. देवनागरी आकडे तर त्याला तारीखच वाटत नाहीत.

शोधपेटीत ‘गूळ’ टाकले की निम्मी टिपणे सापडत नाहीत. ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द डोळ्यांना दिसतो तरी शोधात येत नाही. मराठीचे असेच चालायचे का? (गडहिंग्लज; असेच आणखी चार पत्रांत)

चालायचे नाही, पण दोष दोन आहेत आणि औषधेही दोन.

पहिला दोष व्याकरणाचा. गूळ दीर्घ, पण विभक्ती लागली की गुळाचा, गुळात, गुळव्या हे ऱ्हस्व. ऊस–उसाचा, फूल–फुलाला यांचेही तेच. यंत्र अक्षरे जुळवते, शब्द ओळखत नाही. ‘गूळ’ ही अक्षरे ‘गुळाचा’मध्ये नाहीत. म्हणून ऱ्हस्व रूप शोधा: ‘गुळ’ टाका, सगळे गुळाचे गुळव्यासकट येतील. ‘उस’ टाकलेत तर उसाबरोबर उसळही येईल. मिसळीची टिपणे ठेवणाऱ्याने तेवढे सोसावे. ऑब्सिडियनमध्ये दोन्ही एकदम हवे असतील तर तिरक्या रेघांत /ग[ुू]ळ/ असे लिहा. चौकोनी कंसात नुसते ऱ्हस्व आणि दीर्घ उकार आहेत. यांपैकी कोणताही चालेल, असा त्याचा अर्थ.

दुवे देतानाही हीच अडचण येते. वाक्यात आपण ‘रंकाळा’ क्वचित लिहितो. रंकाळ्यावर, रंकाळ्याच्या, रंकाळ्यात लिहितो. दुवा [[202507060915|रंकाळ्यावर]] असा द्या: उभ्या रेघेच्या डावीकडे फाइलीचे नाव, म्हणजे वर सांगितलेला बारा आकडी क्रमांक, उजवीकडे वाक्यात बसणारे रूप. आणि ज्यावर सारखे दुवे जातात त्या टिपणाच्या तळाला एक ओळ ठेवा: ‘असेही लिहितात: गुळ, गुळाचा, गुळाला, भेली.’ वाचणाऱ्याला ती ओळ खटकत नाही, शोधपेटीला पुरते.

दुसरा दोष डोळ्यांना दिसतच नाही. ‘ऱ्या’मधला अर्धा र संगणकावर दोन-तीन प्रकारे लिहिला जातो. नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त लावता येतो. साधा र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह घालूनही तेच दिसते. शिवाय पहिल्या प्रकारातला ऱ हे एक चिन्ह असू शकते किंवा र आणि नुक्ता अशी दोन चिन्हे. कागदावर सगळे सारखे, यंत्राला सगळे वेगळे. घरी एका कळफलकाने लिहिले, मोबाइलवर दुसऱ्याने, थोडे कुठून चिकटवले, की एका संग्रहात ‘शेतकऱ्यांचे’ तीन प्रकारचे होते.

औषध: एक प्रकार ठरवा. आम्ही नुक्त्याचा ऱ एकच चिन्ह म्हणून वापरायला सांगतो. मग साऱ्या फोल्डरावर ‘शोधा आणि बदला’ चालवा. व्हीएस कोडसारख्या मजकूर-संपादनाच्या साधनात ते एका झटक्यात होते. शोधायच्या जागी टाइप करू नका, न सापडणारा शब्द टिपणातूनच उचलून चिकटवा. टाइप केलात तर तुमचा कळफलक पुन्हा आपलाच प्रकार घालेल. याआधी फोल्डराची प्रत काढा. आणि अदृश्य जोडचिन्हे सरसकट काढून टाकू नका. ‘र’नंतरच्या हलन्तापुढचीच बदला, कारण इतरत्र ती मुद्दाम घातलेली असू शकतात.

शोधात ही दुरुस्ती एकदा करून भागत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा. चिकटवलेला मजकूर गवतासारखा परत उगवतो.

ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात.

पानाची भाषा ‘एमआर’ म्हणून नोंदवा. अनेक युनिकोड फॉन्टांत मराठी ल-श वेगळे दिलेले असतात, पण भाषा सांगितली तरच ते बाहेर येतात. क्वार्ट्झमध्ये आधीपासून लावलेल्या फॉन्टांत देवनागरी नाही, म्हणून ब्राउझर हाताला लागेल तो फॉन्ट घेतो. शीर्षकाला आणि मजकुराला ‘टिरो देवनागरी मराठी’ किंवा ‘मुक्त’ लावा आणि ओळींतले अंतर १.७ पट ठेवा, म्हणजे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकत नाहीत.

सर्व टिपणांवर आजचीच तारीख दिसते. लावण कधीची, काहीच कळत नाही.

बांधणी करणारा संगणक तुमच्या फाइली दर वेळी नव्याने उतरवतो आणि वेळ वाचवायला इतिहासातली शेवटची नोंदच आणतो. त्याच्या लेखी सगळ्या फाइली आजच जन्मल्या. गिटहबवरच्या प्रकाशनाच्या आज्ञापत्रात ‘फेच-डेप्थ’ या ओळीपुढे ० लिहा. मग पूर्ण इतिहास येतो आणि तारखा सुधारतात. तरीही लावणीची तारीख माहितीचौकटीत हाताने लिहाच. फोल्डर उद्या दुसरीकडे हलवलात तर गिटचा इतिहास मागे राहू शकतो, फाइलीत लिहिलेली तारीख सोबत जाते.

एका कारागिराचा फोन नंबर चुकून टिपणात गेला. काढून टाकला. आता काळजी नाही ना? (जवाहरनगर)

आहे. टिपणातून गेला, इतिहासातून नाही. गिटचे सगळे काम जुने जपण्यावर चालते. ज्याला पाहायचे आहे तो मागच्या नोंदीत जाऊन नंबर वाचू शकतो. तुमचा संग्रह लहान असेल तर सगळ्यात सोपे म्हणजे गिटहबवरचा संग्रह पूर्ण पुसून, दुरुस्त फाइलींचा नवा चढवणे. जुन्या तारखा जातील, म्हणून वर म्हटलेली हाताने लिहिलेली तारीख इथे कामी येते. तेवढ्या वेळात कोणी प्रत घेतली असेल तर ती परत येत नाही. त्या कारागिराला सरळ सांगा.

दुसरी गफलत याहून जास्त आढळते. ‘ड्राफ्ट’ अशी खूण केलेले टिपण क्वार्ट्झ संकेतस्थळावर दाखवत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण फुकटच्या खात्यात गिटहब पेजेस चालवायला फाइलींचा संग्रह सार्वजनिक ठेवावा लागतो आणि तिथे तो ड्राफ्ट कोणालाही उघडतो. ‘प्रायव्हेट’ नावाच्या फोल्डराचेही तेच. तेव्हा खाजगी टिपणांचा फोल्डर मुळातच वेगळा ठेवा, दुसऱ्या ड्राइव्हवर हवा तर. रोज सगळे तिकडे लिहायचे आणि जे लोकांसमोर न्यायचे तेवढे उचलून इकडे आणायचे. हा दोन मिनिटांचा त्रास आम्ही मुद्दाम सुचवतो. ती दोन मिनिटे टिपण पुन्हा वाचायला लावतात.

फोटोंत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. कोणाच्या घरात, वर्कशॉपात काढलेला फोटो चढवण्यापूर्वी ते काढा. फोटो लहान करणारी बरीच अ‍ॅप ते आपोआप पुसतात, पण एकदा फोटोच्या ‘तपशील’मध्ये बघून खात्री करा. माणसांची नावे त्यांना विचारूनच. ‘हुपरीचे एक चांदी कारागीर’ एवढ्याने बहुतेक ठिकाणी भागते.

१९९०च्या दशकात डीटीपीवर टाइप केलेला बराच मजकूर आहे. फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो.

तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. त्या काळच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले होते. फॉन्ट गेला की चिवडा उरतो. कोणता फॉन्ट होता ते आधी शोधा, कारण प्रत्येकाची जुळणी वेगळी, मग त्याच फॉन्टचा परिवर्तक वापरा. नंतर पहिल्या दहा पानांत तीन जागा डोळ्यांत तेल घालून तपासा: ऱ्हस्व वेलांटी (तिथे ती अक्षराआधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये नंतर येते), रफार आणि क्ष-ज्ञ-श्र. तिथे जी चूक सापडेल तीच शेवटच्या पानापर्यंत असते.

जुन्या पुस्तकांतले उतारे टिपणांत घेतले तर चालतात का?

टीका, परीक्षण किंवा चर्चेसाठी थोडके अवतरण, लेखकाचे नाव आणि पान देऊन, चालते. पाने उतरवून घेणे चालत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीतच नव्हे, तर निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षेही हक्क राहतो. म्हणजे १९६४ साली वारलेल्या लेखकाचे त्याच्या हयातीत छापलेले लेखन २०२५च्या सुरुवातीला मोकळे झाले. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासूनच्या ग्रंथालयात बसून टिपणे काढणाऱ्यांनी पुस्तकाची आवृत्ती आणि साल नक्की उतरवावे. आवृत्तीगणिक पान बदलते.

आणि उतारा आपल्या मजकुरात मिसळू नका. त्याला समासाने आत घ्या. दोन वर्षांनी आपलेच वाक्य कोणते हे आपल्यालाच आठवत नाही.

चाळीस टिपणे झाली आणि थांबलो. नवे सुचते, जुन्याकडे जायला नको वाटते. (शाहूपुरी)

तर महिनाभर नवे लावू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास ठरवा आणि त्यात तीनच टिपणे उघडा: एक सर्वांत जुनी मशागत असलेले, एक ज्याला कुठूनच दुवा येत नाही असे, एक डोळे मिटून निवडलेले. ऑब्सिडियनच्या आलेखात दुवा नसलेली टिपणे कडेला सुट्या ठिपक्यांसारखी दिसतात. प्रत्येकात एकच काम करा: एक विधान तपासा, एक दुवा जोडा किंवा एक परिच्छेद उडवा. नुसता शब्द इकडचा तिकडे केला तर मशागतीची तारीख बदलू नका. ती तारीख म्हणजे वाचकाला दिलेला शब्द आहे.

टिपण चूक ठरले तर पुसू नका. वर एक ओळ लिहा: ‘हे आता बरोबर वाटत नाही, कारण… नवे टिपण इथे.’ पत्ता जिवंत राहिला पाहिजे.

बाहेरचे दुवे दोन-तीन वर्षांत मरू लागतात. ज्या पानावर तुमचे विधान उभे आहे त्याची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याच दिवशी जतन करा आणि दोन्ही पत्ते टिपणात द्या.

माझ्यामागे या सगळ्याचे काय? वय ७४. (मंगळवार पेठ)

स्वतःच्या नावाचा डोमेन घेऊ नका. तो दरवर्षी पैसे भरून राखावा लागतो. पहिल्या वर्षी स्वस्त मिळतो, नूतनीकरण महाग पडते आणि एक हप्ता चुकला की पत्ता दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. गिटहबने दिलेला फुकटचा पत्ता तुमच्यासाठी बरा. घरातल्या किंवा विश्वासातल्या एकाला संग्रहाचा सहभागी म्हणून जोडून ठेवा, म्हणजे तुमचा पासवर्ड लागणार नाही. मुख्य पानावर परवाना लिहा; क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेयनिर्देश, त्याच अटींवर’ हा परवाना दिलात तर इतरांना तुमची टिपणे विनापरवानगी पुढे नेता येतात, श्रेय मात्र द्यावेच लागते.

दर दिवाळीला पूर्ण फोल्डर दोन पेन ड्राइव्हवर उतरवा आणि एक दुसऱ्या गावी ठेवा. पुराचे पाणी पाहिलेल्या शहरात दुसरे गाव कशाला, हे सांगायला नको. पेन ड्राइव्हवर चिकटपट्टी लावून त्यावर साल लिहा आणि मागच्या वर्षीचा उघडतो का ते त्याच बैठकीत बघून घ्या.